बाईंच्या मागची शीळ

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले सोनवणेसाहेब रोज सकाळी स्वतःच्या बायकोच्या मागून शीळ घालत चालतात.

बरोबरीने नाही हं, मागून. मधून एखादी रिक्षा आरामात निघून जाईल एवढं अंतर ठेवून. पुढे सोनवणेबाई. कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला पर्स, मान ताठ. जन्मभर शाळेत शिकवलं, त्यामुळे अख्खी सोसायटी त्यांना नुसतं 'बाई' म्हणते. मागे साहेब. डोक्यावर रुंद काठाची तपकिरी हॅट, गळ्यात लाल रुमाल आणि तोंडात शीळ. ट्रक आला की रुमाल नाकावर, ट्रक गेला की रुमाल खाली आणि शीळ पुन्हा सुरू. बरं, सुरात असती तरी एक वेळ चाललं असतं. ती शीळ म्हणजे नळाला पाणी यायच्या आधी जी हवा येते ना, तसली.

नव्याने राहायला आलेल्या एका मॅडमनी तर वॉचमनकडे तक्रारच केली होती. "तो हॅटवाला म्हातारा बघा, त्या बिचाऱ्या आजींच्या मागे लागलाय." वॉचमन म्हणाला, "मॅडम, लग्न झालंय त्यांचं." यावर मॅडमना जास्तच राग आला म्हणे.

लाल रुमालाचं कुणाला काही वाटत नाही. आमची सोसायटी मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्यावर आहे. पहाटेपासून कांदा-बटाट्याचे ट्रक जातात, त्यामुळे धूळ घरची झाली आहे. शिवाय पुण्यात नाकाला फडकं न बांधता गाडीवर बसणारा माणूस बाहेरगावचा समजतात. पण हॅट? हॅटचं कारण एक पिक्चर आहे.

हा पिक्चर इंग्रजी आहे, जुना आहे आणि गुराख्यांवर आहे. साहेबांसमोर 'काउबॉय' म्हटलेलं चालत नाही. "काउबॉय म्हणजे काय हो वहिनी? गुराखीच ना? मग गुराखी म्हणा की!" आणि त्याला मारामारीचा पिक्चर म्हणालात तर तुमचं काही खरं नाही. मारामारी नाहीच त्यात. गुरांचा एक भलामोठा कळप या गावाहून त्या गावाला न्यायचा, एवढीच गोष्ट. माणसं भिजतात, त्यांच्या पायाला फोड येतात, रोज तोच घेवडा खातात आणि चिखलात झोपतात. अख्ख्या पिक्चरमध्ये पिस्तूल एकदाच बाहेर निघतं, तेही बुटाच्या टाचेत खिळा ठोकायला. शेवटी गुरं पोचतात, माणसांना पगार मिळतो आणि जो तो आपापल्या वाटेने जातो. झालं. संपला पिक्चर.

हे मला इतकं तपशीलवार माहीत आहे कारण आम्ही तो पाहिला आहे. सोनवणेसाहेब टेलिफोन खात्यात होते. ज्या काळात फोनसाठी नंबर लावून माणसं म्हातारी व्हायची, त्या काळात. साहेबांनी व्हीसीआर आणला, कॅसेट मिळवली आणि एकेका घराला पिक्चरचं आमंत्रण द्यायला सुरुवात केली. नाही कोण म्हणणार? आमच्या ह्यांनी तर फोन लवकर मिळेल या आशेने तो पिक्चर दोनदा बघितला. दुसऱ्या वेळी म्हणे, "घेवडा छान दाखवलाय." फोन नंबरानेच मिळाला. साहेबांनी स्वतःच्या मेव्हण्याचाही नंबर पुढे सरकवला नव्हता, तिथे आम्ही कोण!

पुढे दिवस पालटले. फोनवाले घरी येऊन 'घ्या हो फोन' म्हणायला लागले, मग मोबाईल आले, आणि सोनवण्यांचा पिक्चर बघायची कुणाला गरज उरली नाही. एके काळी लोक साहेबांच्या मागे फिरायचे. आता साहेब लोकांच्या मागे फिरतात, पण ते वेगळ्या कारणाने.

साहेब कुठेही जावोत, शेवटी असतात. गणपती विसर्जनाला निघाला की साहेब मिरवणुकीच्या शेपटाला, पोरांच्या सुटलेल्या चपला गोळा करत. सोसायटीची सहल निघाली की सगळे चढल्यावर साहेब चढणार. पायरीवर उभं राहून बाहेर बघणार आणि विचारणार, "मागं कोण आहे?" हे त्यांचं पालुपद. लग्नात जेवणाच्या रांगेतही तेच. एकदा त्यांच्या मागे कुणीच नव्हतं आणि श्रीखंड संपलं. मी म्हटलं, "अहो साहेब, थोडं पुढे राहावं की माणसानं!" तर म्हणाले, "पुढं चालणाऱ्याला वारा लागतो वहिनी. धूळ मागच्याला. पण एखादं जनावर राहिलं तर ते मागच्यालाच दिसतं."

आता श्रीखंडाचा आणि गुरांचा काय संबंध? पण सोनवण्यांशी बोलताना संबंध शोधायचा नसतो.

त्यांची शीळ का, हे मला अगदी योगायोगाने कळलं. ऑफिसला निघाले होते, गाडी चौकात बंद पडली. किका मारून दमले आणि बाजूला उभी राहिले, तोच समोरून बाई आल्या. चौकात आल्या आणि थबकल्या. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. बाईंचा तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. धाक दाखवणारा चेहराच नव्हता तो. जत्रेत हरवलेल्या मुलीचा होता.

मी पुढे होणार तेवढ्यात मागे शीळ वाजली. साहेब अंतर ठेवून उभे होते. ते शीळ घालतच हळूच डावीकडे सरकले, आणि बाई, मागे न बघता, उजवीकडे वळून पुन्हा ताठ मानेने चालू लागल्या. घराच्या रस्त्याला.

साहेबांनी मला पाहिलं होतं. जवळून जाताना म्हणाले, "संध्याकाळी या."

संध्याकाळी बाई आत टीव्ही बघत होत्या. साहेब गॅलरीत बसून हळू आवाजात सांगत होते. "हिला हल्ली रस्ता आठवत नाही. डॉक्टर म्हणाले विसरण्याचा आजार आहे. वाढत जाणार."

"अहो, मग हात धरून चाला की!"

"धरला होता. 'मी काय पहिलीतलं पोर आहे का?' म्हणाली आणि चार दिवस घराबाहेर पडली नाही. नुसती भिंतीकडं बघत बसली. मग मला पिक्चर आठवला. त्यात एक म्हातारी गाय कळपातून सुटते. नवा गडी तिला दोर टाकतो, तर ती बसकण मारते. उठतच नाही. मग तो म्हातारा गुराखी येतो, दोर काढतो, आणि नुसता तिच्या मागं मागं शीळ घालत फिरतो. मागं कुणी आहे एवढं कळलं की जनावर भीत नाही. आमचे वडीलही तेच सांगायचे."

वडिलांचं मला माहीत नव्हतं. साहेबांच्या लहानपणी ते लोणी काळभोरला लोकांची गुरं राखायचे. साहेबांना नोकरी लागली तेव्हा त्यांनी वडिलांना कॅम्पात पिक्चर दाखवायला आणलं. बाहेरच्या चित्रावर गुरं दिसली म्हणून हाच पिक्चर. भाषा कळायचा प्रश्नच नव्हता. म्हातारा जागचा हलला नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, "समदं खरं हाय रं. मागं चालनाऱ्याच्या तोंडात माती जाती, ते बी दावलंय. आमचं असलं कुनी दावल असं वाटलं न्हवतं."

"त्यानंतर मी हॅट घेतली," साहेब म्हणाले. "आता एक करा वहिनी. कुणाला बोलू नका. चेअरमनला कळलं तर गेटवर हिला अडवतील. बंगलोरहून आमची लेक तर बाहेरून कुलूप लावा म्हणतेय. तिचंही चुकत नाही, काळजी वाटते तिला. पण कुलूप लावलं की ही बसकण मारणार. चालतेय तोवर माझी आहे ती."

मी घरी आले आणि कारण नसताना ह्यांच्यावर ओरडले. दुसरं काही सुचेना.

त्यानंतर वर्षभर मी तोंड शिवून घेतलं. माझ्या स्वभावाला हे किती जड गेलं ते माझं मला माहीत. जिन्यात बायका शिळेवरून खुसखुसायला लागल्या की मी भाजीचे भाव विचारायची.

मग आली तन्वी. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी, हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये. सकाळी कंपनीच्या बसने जाते, रात्री रस्त्यावरच्या गर्दीला शिव्या घालत परत येते. तिने एकदा साहेबांना लिफ्टमध्ये हॅटबद्दल विचारलं. बिचारी! लिफ्ट वर पोचली, खाली आली, पुन्हा वर गेली, साहेब सांगतच होते. पण पोरगी म्हणाली, "काका, सॉलिड आहे हे! आपण मोठ्या स्क्रीनवर बघू या ना. माझ्या मित्राकडे प्रोजेक्टर आहे. रविवारी, हॉलमध्ये, सगळ्यांनी!"

साहेबांचा चेहरा मी पाहिला. इतक्या वर्षांत कुणी आपण होऊन तो पिक्चर मागितला नव्हता.

रविवारी दुपारी हॉलच्या खिडक्यांना चादरी लागल्या. प्रत्येक घरातून एक. साहेब हॅट घालून स्वतः अंधार तपासत होते. "बापटांची चादर विरलीय, उजेड येतोय." बापट म्हणजे आमचे चेअरमन. आयुष्यभर सरकारी हिशेब तपासले, त्यामुळे स्वतःच्या चादरीवरचा शेराही त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतला. पण बसायच्या वेळी त्यांनी घोळ घातलाच. साहेबांनी स्वतःसाठी आणि बाईंसाठी मागे, दाराजवळ खुर्च्या ठेवल्या होत्या. बापट म्हणाले, "छे छे! आजचे प्रमुख पाहुणे आपण. आपण पुढे बसायचं."

"नको हो, मी मागंच बरा."

"अहो, आपल्याच पिक्चरला आपण मागे? शोभतं का?" आणि शाल, नारळ देऊन दोघांना पहिल्या रांगेत बसवलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. लक्ष ठेवते, अशा अर्थाने मी मान डोलावली, पण तेवढ्यात बापटांची ती विरलेली चादर सुटली आणि ती धरून मी पिक्चरभर खिडकीशी उभी.

पिक्चर सुरू झाला. पहिला अर्धा तास लोक मारामारीची वाट बघत होते. मग हळूहळू कुजबुज थांबली. पावसातला तो प्रसंग आला, गुरं बिथरलेली, माणसं गळ्यापर्यंत चिखलात, आणि मोठ्या पडद्यावर ते असं काही दिसलं की मीसुद्धा चादर धरलेला हात बदलायचं विसरले. तन्वी तर रडत होती. साहेब उभं राहून सांगत होते, "हा बघा, आता मागचा माणूस बघा! सगळे पुढच्याला बघतात!"

मध्येच दार उघडून मिटलं. उजेडाची एक पट्टी आली नि गेली. कुणाचा तरी कुकर असेल, असं मला वाटलं.

मग म्हाताऱ्या गाईचा प्रसंग आला. पडद्यावर शीळ वाजली, आणि साहेब हसत शेजारी वळले. खुर्चीत नारळ होता. बाई नव्हत्या.

"मागं कोण आहे?" साहेब म्हणाले. आवाज त्यांचा नव्हताच. "दिवे लावा. मागं कोण आहे?"

मागे कुणी नव्हतं.

दिवे लागले. बापट ताबडतोब कामाला लागले. "वॉचमन काय करत होता? पोलिसांना फोन करा! गाड्या काढा, हाका मारत जा!"

"थांबा!" साहेबांना एवढ्या मोठ्याने बोलताना मी प्रथमच ऐकलं. हॅट हातात घेऊन ते सगळ्यांसमोर उभे राहिले. "हिला रस्ता आठवत नाही. दीड वर्ष झालं. मी लपवलं. आता ऐका. कुणी पळायचं नाही, कुणी हाका मारायच्या नाहीत. ती बुजेल आणि गाडीखाली जाईल. दिसली तर नुसतं मागं राहा आणि मला फोन करा."

शिळेवरून खुसखुसणाऱ्या त्या बायकांनी माना खाली घातल्या होत्या. मग तन्वी उठली, तोंडाला स्कार्फ गुंडाळला आणि स्कूटीची किल्ली घेऊन निघाली. तिच्यामागे सगळेच. तोंडाला रुमाल बांधलेल्या दुचाक्या एकामागून एक गेटबाहेर पडल्या, आणि एरवी लाल सिग्नलला न थांबणारी ही माणसं त्या दिवशी चालत्या माणसाच्या वेगाने गाड्या चालवत होती.

साहेब आणि मी रिक्षात. रविवारची यार्डाची गर्दी, म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. टेम्पो, हातगाड्या, पिशव्या घेतलेलं अर्धं पुणं. "मी पुढं बसायला नको होतं," एवढंच ते म्हणत होते. मी त्यांचा हात धरला.

फोन वाजला. तन्वी. "काका! दिसल्या! फुलबाजाराच्या गेटवर. मी पकडू का त्यांना?"

"नको! धरू नकोस पोरी. बरी आहे ना?"

"बऱ्या आहेत काका. पण त्या... तुम्ही याच."

आम्ही पोचलो तर गेटवर वाहतूक ठप्प. आणि गेटच्या मधोमध बाई. पर्स खांद्याला, एक हात वर. समोर डोक्यावर झेंडूची पोती घेतलेले हमाल, सगळे एका रांगेत. बाई सांगत होत्या, "ढकलाढकली नाही! एकामागे एक! ए, तू, पोतं सरळ धर!" दोन टेम्पोवाल्यांनी हॉर्न वाजवायचं सोडून दिलं होतं. एक हमाल मला हळूच म्हणाला, "आज्जीमुळं आज गेटातनं नीट जाता आलं बघा. रोज या म्हणाव."

मी आधी हसले आणि मग रडले. भर बाजारात. कुणी बघितलं असेल तर बघितलं असेल.

साहेब लगेच पुढे झाले नाहीत. गर्दीतून वळसा घालून ते बाईंच्या मागे गेले, अंतर ठेवून उभे राहिले, हॅट घातली आणि शीळ घातली. पहिल्यांदा नुसती हवा आली. ओठ कोरडे पडले होते. दुसऱ्यांदा वाजली. बाईंनी हात खाली घेतला, पर्स सावरली आणि घराच्या दिशेने चालू लागल्या. मागे साहेब, त्यांच्या मागे मी, तन्वी, आणि तोंडाला फडकी बांधून गाड्या ढकलत येणारी अख्खी सोसायटी.

हॉलच्या दाराशी बाई थांबल्या. वळून एवढ्या सगळ्यांकडे पाहिलं. "संपला का पिक्चर?"

"राहिलाय थोडा," साहेब म्हणाले.

"मग बसा की. उभे काय राहिलात सगळे?"

बसलो. उरलेला पिक्चर बघितला. साहेब आणि बाई या वेळी मागे, दाराजवळ बसले आणि बापटांनी शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र वॉचमनच्या केबिनमध्ये चेअरमनची सही असलेली पाटी लागली. साहेब जिला भीत होते ती हीच, म्हणून मी धावतच वाचायला गेले. पाटी अशी होती: "सोनवणेबाई बाहेर पडल्यास त्यांस अडवू नये. साहेब सोबत नसल्यास मोकळ्या सभासदाने मागून जावे. मागून जाताना बडबड करू नये." मी तिथेच वॉचमनच्या स्टुलावर बसले. केवढं ओझं उतरलं म्हणून सांगू! साहेबांनी ती पाटी वाचली, हॅट काढली, पुन्हा घातली आणि वर गेले. लेकीला फोन करून म्हणाले, "कुलूप नको आता. माणसं आहेत."

परवा साहेबांना ताप आला. मोकळी सभासद मी. बाई पुढे, मी मागे. चौकात बाई थांबल्या. मी डावीकडे सरकले. काही होईना. शीळ घालायला गेले, तर तोंडातून फक्त वारा. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा वारा.

बाई वळल्या. "राहू द्या हो. येत नाही तर कशाला तोंडाचा चंबू करताय? ह्यांचा ताप उतरला का?"

मी चाट पडले. "बाई, म्हणजे तुम्हाला माहीत आहे, साहेब मागे असतात ते?"

"न कळायला काय झालं? एवढी बेसूर शीळ दुसऱ्या कुणाची असणार?" बाई जराशा हसल्या. "मी रस्ता विसरते, कुलकर्णीबाई. उद्या आणखी काय काय विसरेन देव जाणे. पण मागे ते आहेत एवढं कळतं, म्हणून तर बाहेर पडते. त्यांना मात्र सांगू नका. त्यांना वाटतं, मला ठाऊक नाही."

मग त्यांनी चौकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "उजवीकडे ना?"

"हो, उजवीकडे."

त्या मान ताठ करून निघाल्या. मी मागे.